तीनशे शब्दांचा निबंध

२०२४ सालच्या मे महिन्यात महाराष्ट्राला निबंध या वाङ्मयप्रकाराचा एकाएकी संताप आला. १९ मेच्या पहाटे पुण्याच्या कल्याणीनगर भागात पोर्श मोटारीच्या धडकेने दोन तरुण अभियंते ठार झाले. मोटार सतरा वर्षांचा मुलगा चालवीत होता असा आरोप होता. बालन्याय मंडळाने त्याला त्याच दिवशी जामीन दिला आणि जामिनाच्या अटींत रस्ते अपघातांवर तीनशे शब्दांचा निबंध लिहिण्याची एक अट घातली. पुढचे काही आठवडे त्या तीनशे शब्दांवर जितके शब्द खर्ची पडले तितके मराठी निबंधाच्या वाट्याला चिपळूणकरांनंतर बहुधा आले नसतील. पुण्यात निषेध म्हणून निबंधस्पर्धासुद्धा झाली. साहित्याच्या वर्गांतून, प्राध्यापकांच्या खोल्यांतूनही विनोदांना भर आला होता. या सगळ्या गदारोळात एक साधा प्रश्न मात्र कोणी विचारला नाही. ज्या मुलांना निबंधाची अट घालून कोणी घरी पाठवत नाही, ती मुले कुठे राहतात, आणि तिथे ती काही लिहितात काय?

त्या जामिनाविरुद्ध आम्हांला काही म्हणायचे नाही. बालन्याय अधिनियम, २०१५ च्या बाराव्या कलमाप्रमाणे मुलाला जामीन देणे हा नियम आहे, मग गुन्हा जामीनपात्र असो वा नसो. तो नाकारायचा तर मंडळाला तीनांपैकी एक कारण दाखवावे लागते : सुटल्यावर मुलगा सराईत गुन्हेगारांच्या संगतीत जाईल, किंवा त्याला नैतिक, शारीरिक वा मानसिक धोका पोचेल, किंवा न्यायाचा हेतूच विफल होईल. लोकक्षोभानंतर २२ मे रोजी त्या मुलाला निरीक्षणगृहात पाठवण्यात आले. २५ जूनला मुंबई उच्च न्यायालयाने ते पाठवणे बेकायदेशीर ठरवून त्याला सोडायला लावले, आणि २०२५ च्या जुलैमध्ये त्याच्यावर प्रौढ म्हणून खटला चालवण्याची पोलिसांची मागणी मंडळाने फेटाळली. म्हणजे कायदा शेवटी जसा लिहिला आहे तसा वाचला गेला. ही चांगलीच गोष्ट झाली. आमची तक्रार एवढीच की कायद्याचे हे संपूर्ण आणि शुद्ध वाचन ज्याच्या वाट्याला आले त्याच्या मागे उच्च न्यायालयापर्यंत जाणारे वकील उभे होते. (त्याच प्रकरणात रक्ताचे नमुने बदलल्याच्या आरोपावरून ससून रुग्णालयातल्या डॉक्टरांना अटक झाली, हे वाचकांना आठवत असेल. त्या ससूनकडे आपण पुन्हा येणार आहोत.)

पुण्याचे उदाहरण पुण्यात राहू द्यावे आणि तेच बारावे कलम चाकूरच्या मुलाला लावून पाहावे.

चाकूर हे लातूर जिल्ह्यातले तालुक्याचे गाव, लातूरहून अहमदपूर-नांदेडकडे जाणाऱ्या रस्त्यावरचे. लोकसभेचे माजी अध्यक्ष आणि २००४ ते २००८ या काळात देशाचे गृहमंत्री असलेले शिवराज पाटील इथलेच. उरलेल्या महाराष्ट्राने हे गाव ओळखले ते त्यांच्या नावाला जोडलेल्या ‘चाकूरकर’मधून. इथे सीमा सुरक्षा दलाचे प्रशिक्षण केंद्र आहे. अठरा ओलांडलेली मुले देशभरातून शिस्त शिकायला इथे येतात. अठरा न ओलांडलेल्या मुलाचा सरकारच्या शिस्तीशी पहिला संबंध येतो तो पोलीस ठाण्यात.

समजा, या तालुक्यातल्या सोळा वर्षांच्या मुलावर मोटारसायकल चोरल्याचा आळ आला. त्याला कोठडीत ठेवता येत नाही, आणि चोवीस तासांच्या आत मंडळापुढे न्यावे लागते. मंडळ बसते जिल्ह्याला, लातूरला. एक न्यायदंडाधिकारी आणि दोन सामाजिक कार्यकर्ते, त्यांतली निदान एक स्त्री, अशी त्याची रचना कायद्याने ठरवली आहे. मंडळ जामीन द्यायला तयार आहे असे धरू. मुलाला ताब्यात कोण घेणार? आईबाप ऊसतोडीला पश्चिम महाराष्ट्रात किंवा कर्नाटकात गेलेले असतील तर उचल घेतलेला मुकादम हंगामाच्या मधोमध त्यांना सोडत नाही. आजी गावात असते, पण आजीला कागद वाचता येत नाही आणि लातूरच्या एस.टी.चे तिकीट तिला परवडत नाही. जामिनाची अट सात दिवसांत पुरी झाली नाही तर अट बदलण्यासाठी मुलाला पुन्हा मंडळापुढे आणावे असेही कायदा म्हणतो. ती तारीख पडते. त्या दिवशी मंडळ पूर्ण नसते किंवा बैठकच नसते. पुढची तारीख पडते. इंडिया जस्टिस रिपोर्टने २०२५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात देशातल्या ३६२ मंडळांपुढच्या एक लाखाहून अधिक प्रकरणांपैकी पंचावन्न टक्के प्रकरणे ऑक्टोबर २०२३ अखेर तुंबलेली आढळली, आणि जवळजवळ दर चौथ्या मंडळाला पुरते सदस्य नव्हते. चौकशी चार महिन्यांत, फार तर आणखी दोन महिन्यांत संपवावी असे सांगणारे चौदावे कलम याच देशाचे.

जामीन नाकारण्याच्या तीन कारणांतले मधले कारण वाचकाने पुन्हा वाचावे. ‘नैतिक धोका’. बंगल्यात राहणाऱ्या मुलाच्या घराला कोणी नैतिक धोका म्हणत नाही; फार तर संस्कार कमी पडले असे म्हणतात. ज्याचे घर पत्र्याचे आहे, शेजारी हातभट्टी आहे, ज्याचा बाप पितो आणि मोठ्या भावावर एक केस आहे, त्याचे घर हेच पुराव्याशिवाय धोका ठरते. मुलाला त्याच्या दारिद्र्यापासून वाचवण्यासाठी कोंडायचे, अशी ही विलक्षण करुणा आहे. तिच्यासाठी कोणी मेणबत्त्या लावल्याचे ऐकिवात नाही.

आता आपल्या, म्हणजे भाषेचे अध्यापन करणाऱ्यांच्या, प्रांतात येऊ.

या मुलाला जिथे ठेवतात त्या जागेला मराठी वृत्तपत्रे ‘बालसुधारगृह’ म्हणतात. कायद्यात असे गृह नाही. कायद्यात निरीक्षणगृह आहे, विशेषगृह आहे आणि ‘सुरक्षित ठिकाण’ आहे. चौकशी चालू असलेल्या मुलाला निरीक्षणगृहात ठेवतात, दोष सिद्ध झाल्यावर विशेषगृहात. म्हणजे निरीक्षणगृहातला मुलगा कायद्याच्या दृष्टीने निर्दोष असतो. निर्दोष असल्याचे गृहीतक हे या अधिनियमाच्या तिसऱ्या कलमातले पहिलेच तत्त्व आहे. ज्याचा दोष ठरलेला नाही त्याची ‘सुधारणा’ कशी करतात हे एकदा उपसंपादकांना विचारले पाहिजे. एका शब्दात खटला चालला, निकाल लागला आणि शिक्षाही सुरू झाली. आणि हे सारे ‘सुधार’ या आपल्या प्रबोधनकाळातल्या लाडक्या शब्दाने केले. आगरकरांचा तो शब्द अशा कामाला लागला हे त्यांना आवडले नसते. आगरकरांचा या विषयाशी आणखीही जवळचा संबंध आहे. तो पुढे येईल.

दुसरा शब्द ‘विधिसंघर्षग्रस्त बालक’. पोलिसांच्या पत्रकांत तो ‘विधिसंघर्षित’ असाही येतो. या शब्दाची थट्टा करणे सोपे आहे, पण आम्ही ती करणार नाही, कारण शब्द घडवणाऱ्याने त्यात एक उदार गोष्ट नकळत ठेवून दिली आहे. ‘ग्रस्त’ हे पद मराठीत पूर, दुष्काळ आणि भूकंप यांच्या मागे लागते. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारीच्या भूकंपानंतर लातूर जिल्ह्यात ते घराघरांत गेले. भूकंपग्रस्ताला दोष कोणी देत नाही. त्याच्याकडे मदत जाते, पाहणीसाठी पथके जातात. शब्दाच्या न्यायाने पाहिले तर कायदा हा या मुलावर कोसळलेला भूकंप आहे. व्यवहारात मात्र शब्द बदलला की बाकी काहीच बदलावे लागत नाही अशी सोय झाली. १९८६ च्या कायद्याने मुलाला अपचारी ठरवले होते, २००० च्या कायद्याने ते काढले, २०१५ च्या कायद्यात तर दोषारोप करणारे शब्द मुलाबाबतच्या प्रक्रियेत वापरू नयेत असे एक स्वतंत्र तत्त्वच घातले गेले. भाषेच्या शुद्धतेचा इतका विचार जगातल्या फार थोड्या फौजदारी कायद्यांनी केला असेल. आणि ‘पोराला रिमांड होममध्ये टाकीन’ ही धमकी मराठी आई आजही त्याच सुरात देते.

सगळ्यांत सोज्ज्वळ शब्द निरीक्षणगृह. निरीक्षण कोण करतो, कशाचे? परिविक्षा अधिकारी मुलाचा सामाजिक तपासणी अहवाल तयार करतो. त्याचा छापील नमुना आहे. साहित्याच्या विद्यार्थ्यांनी तो एकदा वाचावा, कारण चाकूरच्या त्या मुलाचे हे पहिले आणि बहुधा शेवटचे चरित्र असते. कुटुंबात कोण कोण, उत्पन्न किती, आपसांतले संबंध कसे, अशा खुणा करायच्या असतात. सवयींचे दोन गट आहेत. एकात धूम्रपान, दारू, जुगार, भीक मागणे. दुसऱ्यात दूरदर्शन पाहणे, खेळणे, चित्र काढणे, गाणे आणि पुस्तके वाचणे. मित्र बहुतांशी कसे आहेत यालाही पर्याय दिलेले आहेत : शिकलेले, अशिक्षित, वयाने मोठे, व्यसनी, गुन्हेगारी पार्श्वभूमीचे. नमुना वाईट हेतूने केलेला नाही, उलट बऱ्याच समजूतदारपणे केला आहे. मुलावर अत्याचार झाला होता काय, हेही तो विचारतो. पण माणूस ज्या वाक्याने स्वतःची गोष्ट सुरू करतो त्या वाक्याला त्यात रकाना नाही. एका अधिकाऱ्याकडे अनेक तालुके असतील तर मुलाच्या घरापर्यंत जायचे कधी? मग खुणा तिथल्या तिथे होतात.

गृहातला दिवस कसा असतो? संस्थेसंस्थेगणिक तपशील बदलतात, सांगाडा बदलत नाही. पहाटे उठवणे, मोजणी, प्रार्थना, कवायत, आंघोळ, नाश्ता, झाडलोट, वर्ग, जेवण, पुन्हा मोजणी, खेळ, संध्याकाळची प्रार्थना, रात्रीचे जेवण, कुलूप. केंद्राच्या २०१६ च्या आदर्श नियमांत यातले बहुतेक काही ना काही स्वरूपात लिहिलेले आहे. पन्नास मुलांच्या संस्थेत पंचवीस-पंचवीस मुलांची दोन शयनगृहे, प्रत्येकी हजार चौरस फुटांची, म्हणजे दर मुलामागे चाळीस चौरस फूट. धान्य, डाळ, तेल, कांदा, मीठ, दूध यांची मापे ठरलेली. वाचनालय पाचशे चौरस फुटांचे, म्हणजे एका शयनगृहाच्या निम्मे. कागदावर हे गृह आमच्या कित्येक ग्रामीण महाविद्यालयांच्या वसतिगृहांपेक्षा बरे आहे.

कागदाबाहेरची गोष्ट अशी की निरीक्षणगृहातला वर्ग चालू शकत नाही, चालवणारा कितीही मनापासून चालवो. बारा वर्षांचा आणि साडेसतरा वर्षांचा एका सतरंजीवर बसतो. एक सातवी सोडलेला, एक दहावीच्या परीक्षेच्या तोंडावर उचललेला, एकाला अक्षरओळखच नाही. कोण किती दिवस राहणार हे कोणाला ठाऊक नाही. आठ दिवसांसाठी आलेल्याला काय शिकवायचे, आणि आठ दिवसांसाठी आलेला पाच महिने राहिला तर त्याला पहिल्या आठ दिवसांत काय शिकवायला हवे होते? म्हणून दुपार मोकळी पडते. ज्यांनी अशी गृहे आतून पाहिली आहेत ते माराच्या आधी या दुपारीविषयी सांगतात. दूरदर्शन संच, एक कॅरम, सोंगट्या हरवलेल्या, आणि आंगभर खरूज. घड्याळाला अर्थ नसतो, कारण काळ तिथे ‘तारखे’ने मोजतात. मुले एकमेकांना वय विचारत नाहीत, तारीख कधी आहे हे विचारतात. मोठी पोरे धाकट्यांकडून कपडे धुऊन घेतात, नव्याने आलेल्याची पहिली रात्र त्याला कायम लक्षात राहील अशी व्यवस्था करतात; काळजीवाहक एक आणि मुले अनेक असली की ही राज्यव्यवस्था त्यालाही सोयीची वाटू लागते. यात कोणी राक्षस असावा लागत नाही. पदे रिकामी असली म्हणजे पुरते.

आणि हे सारे ज्या लातूर शहराच्या नावावर मंडळापुढे चालते त्या शहराची कीर्ती कशासाठी आहे? ‘लातूर पॅटर्न’साठी. मराठवाड्यातली हजारो मुले तिथे खोल्या करून राहतात, पहाटे उठतात, डब्याचे जेवण जेवतात, मोबाइल घरमालकाकडे ठेवतात, महिन्याकाठी आईबापांना भेटतात आणि दिवसभर वर्गात बसतात. त्या दिनक्रमाला आपण तपश्चर्या म्हणतो आणि त्याचे फ्लेक्स लावतो. जवळजवळ तोच दिनक्रम कुलपाच्या आत गेला की त्याला ‘सुधारणा’ म्हणतो. दोन्हीकडे मुलाला काय वाटते हे विचारण्याची पद्धत नाही. पण एकाच्या शेवटी परीक्षा तरी असते. दुसऱ्याच्या शेवटी फक्त वय वाढलेले असते आणि शाळेच्या पटावरून नाव गेलेले असते.

निरीक्षणगृहातले लेखन हा आमचा खरा विषय. मुलाला घरी पत्र लिहिण्याची मुभा आहे. त्याच आदर्श नियमांत असेही आहे की मुलाने लिहिलेले किंवा मुलाला आलेले पत्र संस्थेचा प्रमुख वाचू शकतो. पुरेसे कारण वाटले तर ते रोखू शकतो आणि नष्टही करू शकतो. मात्र नष्ट करण्याचे कारण त्याने त्यासाठी ठेवलेल्या वहीत नोंदवले पाहिजे. ही तरतूद साहित्याच्या प्रत्येक विद्यार्थ्याने तोंडपाठ करावी अशी आहे. पत्र राहत नाही, पत्र का राहिले नाही ते राहते. उद्या कोणी या मुलांच्या वाङ्मयाचा इतिहास लिहायला बसला तर त्याच्या हाती अधीक्षकांच्या हस्ताक्षरातली कारणे पडतील.

मराठीला तुरुंगाचे वाङ्मय नवे नाही. आमच्या अभ्यासक्रमांत ते मानाने शिकवले जाते. ‘गीतारहस्य’ मंडालेत लिहिले गेले, ‘माझी जन्मठेप’ अंदमानच्या अनुभवावर उभी आहे. विनोबांची ‘गीताप्रवचने’ १९३२ मध्ये धुळ्याच्या तुरुंगात झाली आणि ती साने गुरुजींनी उतरवून घेतली म्हणून आज आपल्या हातात आहेत. त्याच साने गुरुजींनी १९३३ च्या फेब्रुवारीत नाशिकच्या तुरुंगात ‘श्यामची आई’ लिहिली. मराठीतले बाल्याचे सर्वांत लाडके पुस्तक गजांआड लिहिले गेले, ही गोष्ट आपण दरवर्षी कौतुकाने सांगतो. गजांआडच्या बाल्याचे पुस्तक मात्र या परंपरेत कोणी शिकवत नाही.

आता डोंगरीची गोष्ट. कोल्हापूर प्रकरणातल्या अब्रुनुकसानीच्या खटल्यात टिळक आणि आगरकर यांना १८८२ साली शिक्षा झाली आणि मुंबईत डोंगरीच्या तुरुंगात ते एकशे एक दिवस राहिले. दोघेही सव्वीस वर्षांचे. बाहेर आल्यावर आगरकरांनी त्या दिवसांवर पुस्तक लिहिले. तुरुंगातले अन्न, पहारेकरी, कैद्यांची वागणूक या गोष्टी मराठी गद्यात इतक्या मोकळेपणाने प्रथमच येत होत्या, आणि त्या पुस्तकाला आमच्या वाङ्मयेतिहासात जागा मिळाली ती योग्यच आहे. त्या तुरुंगाचे पुढे काय झाले? उमरखाडीची ती वास्तू मुलांचे निरीक्षणगृह झाली. त्या दोन सुशिक्षित कैद्यांची आठवण तिथे जपली आहे. एकशे एक दिवसांचे एक पुस्तक, आणि त्यानंतर त्याच भिंतींच्या आत कित्येक दशके येऊन गेलेल्या मुलांचे एकही पान शिकवायला नाही, असा हा जमाखर्च आहे.

ससूनचा उल्लेख वर आला आहे. ज्या डेव्हिड ससून यांच्या देणगीतून पुण्याचे रुग्णालय उभे राहिले त्यांच्याच नावाने मुंबईत १८५७ साली अपराधी आणि निराधार मुलांसाठी औद्योगिक शाळा सुरू झाली. मुंबई विद्यापीठ स्थापन झाले तेही १८५७ सालीच. एका संस्थेच्या पहिल्या पदवीधरांची नावे आपल्याला पाठ आहेत. दुसऱ्या संस्थेत तेव्हापासून आजवर मुले येत-जात राहिली, आणि मराठी साहित्याला त्यांपैकी कोणाचे नाव, खोटे नावसुद्धा, ठाऊक नाही.

यावर आमचे समीक्षक मित्र एक उत्तर देतील, आणि ते उत्तर लातूर जिल्ह्यातलेच असेल. ‘उचल्या’ आहे ना! आहेच. धनेगावच्या लक्ष्मण गायकवाडांचे हे आत्मकथन १९८७ साली आले, पुढच्याच वर्षी त्याला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. पोलिसांच्या माराला तोंड देता यावे म्हणून घरातच पोरांना मार खाण्याची सवय लावणारी माणसे मराठी वाचकाने त्यात पाहिली आणि तो हादरला. गुन्हेगार जमातींच्या १८७१ च्या कायद्यात १८९७ साली दुरुस्ती करून सरकारने चार ते अठरा वर्षांच्या मुलांना आईबापांपासून तोडून वेगळ्या वसाहतींत घालण्याचा अधिकार घेतला होता. १९५२ साली तो कायदा गेला, पण त्याची नजर शिल्लक राहिली. ठाण्याच्या हद्दीत चोरी झाली की कोणत्या वस्तीवरची पोरे आधी उचलायची याबद्दल ती नजर अजून गोंधळत नाही. हे सारे आम्ही ‘उचल्या’वरच्या प्रश्नपत्रिकांत विचारतोही : ‘लेखकाच्या अनुभवविश्वाचे वेगळेपण स्पष्ट करा.’ आठ गुण. पण पुस्तकाला पुरस्कार दिला, अभ्यासक्रमाला लावले, म्हणजे त्या अनुभवाची पावती फाडली असे मानण्याची जी सवय आपल्याला लागली आहे तिचे काय? त्या पुस्तकातल्या पोरांच्या वयाचा मुलगा आज, या आठवड्यातही, कुठेतरी मंडळापुढे उभा असतो आणि त्याच्यापासून काही अंतरावर आपण ‘वंचितांचे साहित्य : स्वरूप आणि दिशा’ या विषयावर राष्ट्रीय चर्चासत्र भरवलेले असते. उद्घाटक उशिरा येतात. असो.

दुसरे उत्तर जास्त गंभीर आहे. मुलाची ओळख उघड करण्यास चौऱ्याहत्तरावे कलम मनाई करते. उल्लंघनाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड आहे. दोषाची नोंदसुद्धा ठरावीक काळानंतर नष्ट करावी असे कायदा सांगतो, जेणेकरून मुलाच्या पुढच्या आयुष्यावर तिची सावली पडू नये. या तरतुदी अत्यंत मोलाच्या आहेत, आणि वाहिन्यांनी त्या वारंवार पायदळी तुडवल्या आहेत. पण त्यांच्या आडून साहित्यिकाने मौन धरावे हे आम्हांला मान्य नाही. कायदा ओळख झाकायला सांगतो, आयुष्य झाकायला सांगत नाही. आणि नाव-गाव न सांगता माणूस उभा करणे हा कथा-कादंबरीचा रोजचाच उद्योग आहे. पत्रकाराला जे करता येत नाही ते कथाकाराला करता येते, म्हणून तर कथा नावाची वस्तू आहे. पत्रकारांनी आपल्या परीने पुष्कळ केले. शीला बारसे या मुंबईच्या पत्रकार स्त्रीने देशभरातल्या तुरुंगांत डांबलेल्या मुलांचा प्रश्न सर्वोच्च न्यायालयात नेला आणि १९८६ मध्ये न्यायालयाने त्यावर दिलेले आदेश आजही दाखला म्हणून वाचले जातात. त्याच वर्षी देशाला पहिला एकसंध बालन्याय कायदा मिळाला. त्या काळात मराठी कथा कशात गुंतली होती, याचा हिशेब कथेच्या अभ्यासकांनीच मांडावा.

मौनाची किंमत कोणी मोजली हे पाहायचे तर २०१५ कडे पाहावे. दिल्लीच्या डिसेंबर २०१२ च्या अमानुष प्रकरणातला एक आरोपी अठरा वर्षांखालचा होता. तो तीन वर्षे पुरी करून डिसेंबर २०१५ मध्ये सुटला आणि त्याच आठवड्यात राज्यसभेने नवा कायदा संमत केला. सोळा ते अठरा वयाच्या मुलाला अतिगंभीर गुन्ह्यात प्रौढांसारखे चालवण्याची वाट त्याने उघडली. पोर्शनंतर पुन्हा तेच. वय अठरावरून आणखी खाली आणावे अशी भाषा २०२५ मध्ये राज्यातल्या सत्ताधाऱ्यांच्या तोंडून आली. राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाच्या २०२२ च्या अहवालात मुलांविरुद्ध नोंदलेले गुन्हे ३०,५५५ आहेत आणि देशातले एकूण दखलपात्र गुन्हे ५८ लाखांहून अधिक, म्हणजे शंभरातला अर्धा. पण लोकांच्या मनात मुलगा म्हटले की दोनच मुलगे उभे राहतात : एक दिल्लीचा, एक पुण्याचा. तिसरा कोणी त्यांना दाखवलेलाच नाही. तो दाखवण्याचे काम ज्यांचे होते ते आपण. श्रीमंताचा मुलगा सुटला म्हणून आलेला राग कायद्यात उतरतो तेव्हा त्याने श्रीमंताचा मुलगा अडकत नाही, तो वकील बदलतो. अडकतो तो ज्याची आजी एस.टी.च्या तिकिटाचे पैसे मोजत असते.

म्हणून आमचे म्हणणे साहित्याच्या विभागांशी आहे. नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाच्या कक्षेत मराठीचे कितीतरी विभाग आहेत. तीच स्थिती राज्यभर आहे. त्या पाचशे चौरस फुटांच्या वाचनालयात कोणती पुस्तके आहेत, ती मुलांच्या हाती जातात की कपाटाला कुलूप आहे, एवढे तरी या विभागांनी आपल्या जिल्ह्यात जाऊन पाहावे. पुढची गोष्ट मोठी वाटेल, पण धुळ्याच्या तुरुंगात ती होऊन गेली आहे : एकाने बोलायचे आणि दुसऱ्याने उतरवून घ्यायचे. ज्याला लिहिता येत नाही त्याच्याजवळ बसून, त्याच्याच बोलीत, नाव न लिहिता, तो सांगेल ते लिहून घेणे. अहवालाच्या रकान्यांत नाही, सुधारणेसाठी नाही, शोधनिबंधासाठी तर मुळीच नाही. दुपार मोकळीच असते. चाकूर-अहमदपूरकडची बोली ज्यांच्या घरात बोलली जाते असे शेकडो विद्यार्थी एम.ए. मराठीच्या वर्गांत बसलेले असतात आणि ‘बोलींचा अभ्यास’ या प्रश्नपत्रिकेसाठी नमुने शोधत असतात. मुलाला वाटले तर तो कागद त्याने जपावा, वाटले तर फाडावा. निदान फाडण्याचे कारण तरी त्याचे स्वतःचे असेल.

तीनशे शब्दांची मर्यादा घालू नये. विषयही देऊ नये. परवानगीचा अर्ज जिल्हा महिला व बालविकास अधिकाऱ्याकडे करायचा असतो, आणि तो मराठीत चालतो.